संसदेचं समन्स खासदारानेच धुडकावलं तर? अमेरिकेतल्या पाच खासदारांचं प्रकरण आणि कायदा, सोप्या भाषेत

कोर्टाचा बेलीफ समन्स घेऊन गावात आला की काय होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. बांधाच्या वादात नुसतं साक्षीला बोलावलं असलं तरी माणूस पेरणी बाजूला ठेवून तालुक्याला जातो. कारण गेलं नाही तर पुढचा कागद वॉरंटचा असतो.

पण समन्स काढणारी खुद्द संसद असेल आणि ज्याच्या नावाने ते निघालं तो त्याच संसदेचा खासदार असेल, तर? तो म्हणाला, 'मी येत नाही, काय करायचं ते करा', तर त्याला आणणार कोण?

हा प्रश्न अमेरिकेत २०२२ मध्ये खरोखर उभा राहिला. तिथल्या संसदेच्या चौकशी समितीने पाच विद्यमान खासदारांना समन्स काढलं. पाचही जण आले नाहीत आणि एकालाही त्याबद्दल शिक्षा झाली नाही. त्याच समितीचं समन्स धुडकावणारे संसदेबाहेरचे दोघे मात्र प्रत्येकी चार महिने तुरुंगात राहून आले. एकाच समितीच्या समन्सचे असे दोन वेगळे शेवट का झाले, कायद्यात त्रुटी होती की इच्छाशक्तीत, ते या लेखात पाहू.

संसद समन्स काढते कशासाठी?

अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. तिची दोन सभागृहं आहेत. प्रतिनिधी सभा म्हणजे साधारण आपली लोकसभा. तिचे ४३५ सदस्य दर दोन वर्षांनी निवडून येतात. दुसरं सभागृह सिनेट. त्यात प्रत्येक राज्याचे दोन, असे १०० सदस्य असतात आणि त्यांची मुदत सहा वर्षांची असते.

कायदे करायचे तर माहिती हवी, आणि माहिती हवी तर माणसं व कागदपत्रं बोलावता आली पाहिजेत. अमेरिकेच्या राज्यघटनेत समन्सचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहिलेला नाही. पण १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 'मॅकग्रेन विरुद्ध डॉहर्टी' या खटल्यात सांगितलं, की चौकशी करणं आणि त्यासाठी माणसाला हजर व्हायला लावणं हा कायदे करण्याच्या कामाचाच भाग आहे. त्या प्रकरणात देशाच्या माजी महाधिवक्त्याचा भाऊ सिनेटपुढे येत नव्हता. सिनेटच्या अधिकाऱ्याने त्याला ओहायो राज्यात जाऊन पकडलं होतं. कोर्टाने सिनेटची बाजू योग्य ठरवली.

या अधिकाराला मर्यादाही आहेत. चौकशीचा कायदे करण्याशी संबंध हवा. एखाद्याची बदनामी करायची म्हणून किंवा खासगी आयुष्य उघडं पाडायचं म्हणून समन्स काढता येत नाही. १९५७ च्या 'वॉटकिन्स' खटल्यात कोर्टाने हे स्पष्ट केलं.

६ जानेवारी २०२१ ला काय झालं होतं?

नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प हरले आणि जो बायडेन जिंकले. ६ जानेवारी २०२१ ला संसदेत राज्यांच्या मतांची अधिकृत मोजणी सुरू होती. तेव्हा ट्रम्प समर्थकांचा जमाव पोलिसांचं कडं तोडून संसद भवनात घुसला. खासदारांना जीव मुठीत घेऊन सुरक्षित जागी जावं लागलं. सुमारे १४० पोलिस जखमी झाले. मोजणी कित्येक तास थांबली आणि मध्यरात्रीनंतर पूर्ण झाली.

हे कसं घडलं हे शोधायला प्रतिनिधी सभेने ३० जून २०२१ ला २२२ विरुद्ध १९० मतांनी विशेष समिती नेमली. अध्यक्ष होते डेमोक्रॅटिक पक्षाचे बेनी थॉम्पसन आणि उपाध्यक्ष रिपब्लिकन पक्षाच्या लिझ चेनी. समितीने पुढे हजाराहून जास्त लोकांचे जबाब घेतले.

चौकशीत काही खासदारांची नावं वारंवार येऊ लागली. समितीने आधी पत्र पाठवून 'स्वतःहून या' अशी विनंती केली. डिसेंबर २०२१ मध्ये स्कॉट पेरी आणि जिम जॉर्डन यांना, जानेवारी २०२२ मध्ये केविन मॅकार्थी यांना आणि मे महिन्यात आणखी काहींना पत्रं गेली. कोणी आलं नाही. मग १२ मे २०२२ ला समितीने पाच जणांना समन्स काढलं:

- केविन मॅकार्थी, कॅलिफोर्निया. सभागृहातले रिपब्लिकन पक्षाचे नेते. हल्ला सुरू असताना ते ट्रम्प यांच्याशी फोनवर बोलले होते.
- जिम जॉर्डन, ओहायो. त्यांचंही त्या दिवशी ट्रम्प यांच्याशी फोनवर बोलणं झालं होतं.
- स्कॉट पेरी, पेनसिल्व्हेनिया. न्याय खात्यातल्या एका अधिकाऱ्याची ट्रम्प यांच्याशी गाठ घालून दिल्याचा मुद्दा होता. निवडणुकीचा निकाल फिरवण्यासाठी या अधिकाऱ्याला खात्याच्या प्रमुखपदी बसवायचा बेत होता, असं समितीचं म्हणणं होतं.
- अँडी बिग्ज, ॲरिझोना. निकालाला आव्हान देण्याच्या आखणीबद्दल त्यांना विचारायचं होतं.
- मो ब्रूक्स, अलाबामा. त्या दिवशी सकाळच्या सभेत त्यांनी भाषण केलं होतं.

पाचही रिपब्लिकन पक्षाचे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. समन्स म्हणजे आरोपपत्र नव्हे. 'तुम्हाला काय माहीत आहे ते येऊन सांगा', एवढाच त्याचा अर्थ.

खासदारांचं म्हणणं काय होतं?

'येत नाही' म्हणताना त्यांनी कारणंही दिली होती. ती मुख्यतः तीन होती.

पहिलं, समितीच नीट बनलेली नाही. ठरावात १३ सदस्य होते, प्रत्यक्षात नऊच बसले. सभापती नॅन्सी पेलोसी यांनी मॅकार्थी यांनी सुचवलेल्या पाच नावांपैकी दोन नाकारली. त्यातलं एक नाव जिम जॉर्डन यांचंच होतं. चिडून मॅकार्थी यांनी पाचही नावं मागे घेतली. त्यामुळे समितीत जे दोन रिपब्लिकन होते ते पेलोसी यांनी निवडलेले. विरोधी पक्षाने निवडलेला माणूसच नसेल तर ही समिती निष्पक्ष कशी, असा सवाल होता. हा मुद्दा वॉशिंग्टनच्या कोर्टात रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने मांडला होता. मे २०२२ च्या सुरुवातीला न्यायाधीश टिमोथी केली यांनी तो मान्य केला नाही. विशेष म्हणजे या न्यायाधीशांची नेमणूक ट्रम्प यांच्याच काळातली.

दुसरं, चौकशी कायदा करण्यासाठी नसून राजकारणासाठी आहे.

तिसरं, खासदारांना घटनेचं संरक्षण आहे. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

अमेरिकेच्या घटनेत एक तरतूद आहे. सभागृहात केलेल्या भाषणाबद्दल किंवा चर्चेबद्दल खासदाराला दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी जाब विचारता येणार नाही, असं ती सांगते. राजाने किंवा सरकारने खासदाराला त्याच्या बोलण्याबद्दल कोर्टात खेचू नये, हा तिचा उद्देश. आपल्या राज्यघटनेतही खासदारांसाठी कलम १०५ आणि आमदारांसाठी कलम १९४ मध्ये असंच संरक्षण आहे.

पण शब्द नीट वाचा: 'दुसऱ्या ठिकाणी'. स्वतःचं सभागृह हे 'दुसरं ठिकाण' नाही. म्हणजे खासदाराला जाब विचारायची एखादी हक्काची जागा असेल तर ती त्याचं स्वतःचं सभागृहच. सभागृहाने आपल्या सदस्याला स्वतःच विचारलं, तर या संरक्षणाचा आडोसा फारसा उरत नाही. अडचण सुरू होते ती पुढच्या पायरीवर. सदस्य ऐकत नाही म्हणून सभागृह त्याला कोर्टात घेऊन गेलं, तर कोर्ट हे मात्र 'दुसरं ठिकाण' ठरू शकतं. त्यावर भांडण होणार हे नक्की, आणि त्यात वेळ जाणार हेही नक्की.

समन्स अमलात आणायचे चार मार्ग

१) फौजदारी खटला. १८५७ मध्ये अमेरिकेने कायदा केला, की संसदेचं समन्स जाणूनबुजून धुडकावणं हा गुन्हा आहे. त्याला एक महिना ते एक वर्ष कैद आणि आज एक लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. सभागृह 'अवमान झाला' असा ठराव बहुमताने करतं आणि प्रकरण सरकारी वकिलाकडे जातं. पण पुढे खटला भरायचा की नाही, हे न्याय खातं ठरवतं. संसद त्यांना भाग पाडू शकत नाही.

२) दिवाणी दावा. कोर्टात जाऊन 'याला हजर व्हायचा हुकूम द्या' अशी मागणी करणं. सिनेटसाठी १९७८ च्या कायद्याने हा मार्ग आखून दिला आहे. प्रतिनिधी सभेसाठी तसा कायदा नाही. तिला ठराव करून कोर्टात जावं लागतं, आणि आधी 'तुम्हाला असा दावा लावता येतो का' यावरच वाद होतो. किती वेळ लागतो? व्हाइट हाउसचे माजी कायदा सल्लागार डॉन मॅकगॅन यांना एप्रिल २०१९ मध्ये समन्स निघालं होतं. त्यांचा जबाब जून २०२१ मध्ये झाला. दोन वर्षांहून जास्त! तोपर्यंत ज्यांच्याबद्दल विचारायचं होतं त्या राष्ट्राध्यक्षांची मुदतही संपली होती.

३) सभागृहाने स्वतः पकडणं. आपल्या विधानसभेत जसे मार्शल असतात, तसा अमेरिकेत प्रत्येक सभागृहाचा सार्जंट ॲट आर्म्स नावाचा अधिकारी असतो. सभागृहाने ठराव केला तर तो माणसाला पकडून आणू शकतो आणि सभागृह त्याला कैदेत ठेवू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १८२१ मध्येच हा अधिकार मान्य केला, पण अट घातली, की सभागृहाचं सत्र संपलं की कैदही संपते. हा मार्ग १९३४-३५ च्या सुमारास शेवटचा वापरला गेला. विमान टपालाच्या कंत्राटांच्या चौकशीत विल्यम मॅक्रॅकन नावाच्या वकिलाला सिनेटने दहा दिवसांची कैद दिली होती. त्यानंतर हे हत्यार भिंतीवरच टांगलेलं आहे.

४) सदस्यावर शिस्तीची कारवाई. हा मार्ग फक्त स्वतःच्या सदस्यासाठी आहे. घटनेने प्रत्येक सभागृहाला आपल्या सदस्याला शिक्षा करायचा अधिकार दिला आहे. जाहीर निषेध, दंड, समितीवरून काढणं साध्या बहुमताने होतं. सभागृहातून हकालपट्टीला दोन तृतीयांश मतं लागतात. प्रतिनिधी सभेच्या इतिहासात आजवर फक्त सहा जणांची हकालपट्टी झाली आहे. त्यातले सगळ्यात अलीकडचे जॉर्ज सँटोस, डिसेंबर २०२३ मध्ये, ३११ विरुद्ध ११४ मतांनी.

पगारातून दंड कापणं हेही शक्य आहे आणि ते झालेलं आहे. २०२१ मध्ये सभागृहाच्या दारात धातू तपासणी यंत्र बसवलं होतं. त्यातून न जाणाऱ्या खासदाराला पहिल्या वेळी ५,००० आणि नंतर दरवेळी १०,००० डॉलर दंड, असा नियम केला. खासदाराचा वर्षाचा पगार १,७४,००० डॉलर. म्हणजे यंत्र चुकवलं तर खिशाला झळ बसत होती, आणि समन्स चुकवलं तर काहीच नाही!

संसदेबाहेरच्यांचं काय झालं?

ट्रम्प यांचे जुने सल्लागार स्टीव्ह बॅनन समितीपुढे आले नाहीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये सभागृहाने २२९ विरुद्ध २०२ मतांनी अवमानाचा ठराव केला. न्याय खात्याने खटला भरला आणि जुलै २०२२ मध्ये ते दोषी ठरले. अपील चालल्यावर १ जुलै २०२४ ला ते तुरुंगात गेले आणि चार महिन्यांनी बाहेर आले. व्हाइट हाउसमधले व्यापार सल्लागार पीटर नवारो यांचंही तसंच झालं. मार्च २०२४ मध्ये ते आत गेले, तेही चार महिन्यांसाठी.

पण सगळ्यांनाच तुरुंग झाला असं नाही. ट्रम्प यांचे मुख्य अधिकारी मार्क मेडोज आणि सहकारी डॅन स्काविनो यांच्याविरुद्धही सभागृहाने ठराव केले होते. मेडोज तर स्वतः माजी खासदार. न्याय खात्याने या दोघांवर खटला भरायला नकार दिला. म्हणजे पहिल्या मार्गाची चावी संसदेच्या हातात नाही, हे इथेच दिसलं.

मग पाच खासदारांवर काय कारवाई झाली?

समितीने त्यांच्याविरुद्ध अवमानाचा ठराव सभागृहापुढे आणलाच नाही. दिवाणी दावा लावला नाही. पकडून आणायचा तर विषयच निघाला नाही. १९ डिसेंबर २०२२ ला शेवटच्या बैठकीत मॅकार्थी, जॉर्डन, पेरी आणि बिग्ज या चौघांची नावं एथिक्स कमिटीकडे, म्हणजे सदस्यांच्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या समितीकडे पाठवली. पाचवे मो ब्रूक्स तोवर सिनेटची उमेदवारी हरून संसदेतून बाहेर पडायच्या वाटेवर होते.

आता तारखा बघा. १९ डिसेंबरला प्रकरण पाठवलं. ३ जानेवारी २०२३ ला नवी प्रतिनिधी सभा बसली. मध्ये नाताळ आणि नवीन वर्ष. अमेरिकेत प्रतिनिधी सभा दर दोन वर्षांनी पूर्ण नवी होते. जुन्या सभेची समिती संपते आणि तिचं समन्सही संपतं. नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीत बहुमत रिपब्लिकन पक्षाकडे गेलं होतं. एथिक्स कमिटीत दोन्ही पक्षांचे सदस्य समसमान असतात, त्यामुळे एका पक्षाच्या मतांवर तिथे काही हलत नाही. ६ जानेवारीच्या समन्सवरून या चौघांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही.

समितीने हात आखडता का घेतला? तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. एक, वेळ. समन्स मे महिन्यात निघालं आणि समितीचं आयुष्य जेमतेम सात-आठ महिन्यांचं उरलं होतं. मॅकगॅन यांच्या प्रकरणाचा अनुभव ताजा होता. दोन, कोर्टात खासदारांच्या संरक्षणाचा मुद्दा निघाला असता आणि निकाल उलटा लागला असता तर पुढच्या सगळ्या समित्यांचे हात बांधले गेले असते. तीन, आज आपण त्यांच्या खासदाराला पकडलं तर उद्या बहुमत फिरल्यावर ते आपल्याला पकडतील, ही भीती.

इथे एक फरक लक्षात घ्यावा. संसदेचं समन्स चुकवणं जमलं, पण पोलिसी तपासाचं तसं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय तपास यंत्रणा एफबीआयने कोर्टाच्या वॉरंटवर स्कॉट पेरी यांचा फोन ताब्यात घेतला. त्यातले कुठले संदेश बघायचे यावर पुढे बराच काळ कोर्टात वाद चालला, आणि तिथेही त्यांनी खासदारकीच्या संरक्षणाचाच मुद्दा मांडला. पण फोन हातातून गेला तो गेलाच.

सभागृहाने ठरवलं तर होतं: पॅकवूड यांचं प्रकरण

'खासदाराला समन्स पाळायला लावताच येत नाही' असं कोणी म्हणालं, तर ते खरं नाही. ओरेगन राज्याचे सिनेटर बॉब पॅकवूड यांच्यावर १९९२ मध्ये अनेक महिलांनी लैंगिक छळाचे आरोप केले. पॅकवूड रोज डायरी लिहायचे आणि तिची पानं आठ हजारांवर होती. सिनेटच्या एथिक्स कमिटीने डायऱ्यांसाठी समन्स काढलं. पॅकवूड म्हणाले, ही माझी खासगी बाब आहे.

२ नोव्हेंबर १९९३ ला सिनेटने ९४ विरुद्ध ६ मतांनी ठरवलं, की समन्स अमलात आणायला कोर्टात जायचं. त्यात त्यांच्या स्वतःच्या रिपब्लिकन पक्षाचेही बहुतेक सदस्य होते. जानेवारी १९९४ मध्ये कोर्टाने डायऱ्या द्यायचा हुकूम केला. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाचे सरन्यायाधीश रेनक्विस्ट यांनी स्थगिती नाकारली. डायऱ्या मिळाल्या. त्यात फेरफार केल्याचा ठपकाही पॅकवूड यांच्यावर आला. सप्टेंबर १९९५ मध्ये समितीने एकमताने हकालपट्टीची शिफारस केली आणि दुसऱ्याच दिवशी पॅकवूड यांनी राजीनामा जाहीर केला.

सभागृहाच्या ठरावापासून कोर्टाच्या हुकमापर्यंत तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ लागला. कायदा होता, वकील होते, आणि मुख्य म्हणजे दोन्ही बाजूंच्या सदस्यांनी आपल्याच माणसाविरुद्ध हात वर केला होता. २०२२ मध्ये नेमकं हेच नव्हतं.

फासे उलटे पडले

जानेवारी २०२३ मध्ये मतदानाच्या पंधरा फेऱ्यांनंतर मॅकार्थी सभापती झाले. ज्यांनी समन्स मानलं नाही ते त्याच सभागृहाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसले. जिम जॉर्डन न्यायविषयक समितीचे अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारीतच त्यांनी मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या प्रमुखांना समन्स काढलं.

पुढे त्यांच्या समितीने न्यूयॉर्कचे माजी सरकारी वकील मार्क पोमेरँट्झ यांना बोलावलं. कोर्टातल्या वादानंतर ते हजर झाले ती तारीख होती १२ मे २०२३. जॉर्डन यांना समन्स निघाल्याला त्या दिवशी बरोबर एक वर्ष झालं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांचे पुत्र हंटर बायडेन बंद दाराआड जबाब द्यायला आले नाहीत. तेव्हा जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवमानाच्या कारवाईची तयारी केली. डेमोक्रॅटिक सदस्यांनी लगेच विचारलं, 'तुमच्या स्वतःच्या समन्सचं काय झालं?' शेवटी फेब्रुवारी २०२४ मध्ये हंटर बायडेन जबाब द्यायला आले.

२०२४ मध्ये आणखी एक प्रयत्न झाला. महाधिवक्ता मेरिक गारलंड यांनी राष्ट्राध्यक्षांच्या मुलाखतीची ध्वनिफीत दिली नाही म्हणून सभागृहाने जूनमध्ये २१६ विरुद्ध २०७ मतांनी अवमानाचा ठराव केला. न्याय खात्याने, म्हणजे गारलंड यांच्याच खात्याने, खटला भरला नाही. मग जुलैमध्ये एका सदस्येने तिसरा, जुना मार्ग सुचवला: गारलंड यांना रोज १०,००० डॉलर दंड. तो ठराव २०४ विरुद्ध २१० मतांनी पडला, कारण रिपब्लिकन पक्षाच्याच काही सदस्यांनी विरोधात मत दिलं.

ज्याने स्वतः समन्स फेकून दिलं त्याच्या समन्सला वजन येणार कुठून? दोन्ही पक्षांना हे आता नडतं आहे. पण खरं नुकसान मतदाराचं झालं. हल्ला चालू असताना खासदारांचं राष्ट्राध्यक्षांशी काय बोलणं झालं, हे शपथेवर त्यांच्या तोंडून त्या समितीच्या अहवालात आलंच नाही.

आपल्याकडे काय स्थिती आहे?

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या बातम्यांत 'हक्कभंग' हा शब्द आपण नेहमी ऐकतो. आपल्याकडे संसद आणि विधिमंडळाच्या समित्या साक्षीला बोलावू शकतात. न येणं हा सभागृहाचा अवमान ठरू शकतो आणि प्रकरण हक्कभंग समितीकडे जातं. मात्र सरकारी खर्च तपासणारी संसदेची लोकलेखा समिती साक्षीसाठी अधिकाऱ्यांना बोलावते, मंत्र्यांना नाही.

सभागृहाने स्वतःच्या सदस्याला कैदेत पाठवल्याचं मोठं उदाहरण भारतातच आहे. १९७५ मध्ये मारुती कंपनीबद्दल लोकसभेत प्रश्न आला होता. त्याच्या उत्तरासाठी माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांना त्रास दिल्याचा ठपका हक्कभंग समितीने इंदिरा गांधी यांच्यावर ठेवला. १९ डिसेंबर १९७८ ला लोकसभेने त्यांचं सदस्यत्व रद्द केलं आणि अधिवेशन संपेपर्यंत तुरुंगात पाठवलं. आठवडाभरात अधिवेशन संपलं आणि त्या सुटल्या. जानेवारी १९८० मध्ये त्या पुन्हा पंतप्रधान झाल्या. ७ मे १९८१ ला नव्या लोकसभेने जुना ठरावच रद्द केला.

मुद्दा समन्सचा नव्हता, पण धडा तोच आहे. सभागृहाची शिक्षा बहुमताच्या आणि अधिवेशनाच्या मुदतीपुरतीच टिकते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*खासदाराला समन्स काढता येतं का?*
येतं. अमेरिकेत सभागृहाच्या समितीने स्वतःच्या सदस्यांना काढलेलं आहे.

*तो आला नाही तर लगेच अटक होते का?*
नाही. आधी सभागृहाला ठराव करावा लागतो. पुढे न्याय खातं, कोर्ट किंवा स्वतः सभागृह, यांपैकी कोणीतरी पाऊल उचलावं लागतं.

*सगळ्यात जलद मार्ग कुठला?*
शिस्तीची कारवाई. दंड किंवा समितीवरून काढणं यासाठी कोर्टात जावं लागत नाही, साधं बहुमत पुरतं.

*मग ती का होत नाही?*
कारण कारवाई करणारे आणि ज्याच्यावर करायची तो, सगळे एकाच बाकावरचे. पुढच्या निवडणुकीनंतर जागा बदलतात, हे प्रत्येकाला माहीत असतं.

*समन्स किती दिवस चालतं?*
अमेरिकेच्या प्रतिनिधी सभेत, ती सभा असेपर्यंत. दोन वर्षांची मुदत संपली की समितीसोबत समन्सही जातं. सिनेट मात्र एकदम पूर्ण बदलत नाही. तिचे एक तृतीयांश सदस्यच दर दोन वर्षांनी निवडणुकीला सामोरे जातात.

थोडक्यात

कायद्याच्या पुस्तकात चार मार्ग आहेत आणि चारही खरे आहेत. पॅकवूड यांच्या वेळी त्यातला एक वापरला, तर डायऱ्या हातात आल्या. २०२२ मध्ये एकही नीट वापरला नाही, तर पाच खुर्च्या रिकाम्या राहिल्या. साध्या माणसाच्या समन्समागे पोलिस उभे असतात. खासदाराच्या समन्समागे त्याचेच सहकारी उभे राहावे लागतात. ते उभे राहिले नाहीत, तर उरतो तो मतदार. म्हणून आपला प्रतिनिधी सभागृहात काय बोलला याच्याबरोबर, चौकशीला बोलावल्यावर तो गेला होता का, हेही मतदानाला जाण्याआधी विचारायला हवं.